निधनवार्तेतली दुसरी मुलगी

माझ्याकडे पाच कात्रणं आहेत. पाच वेगवेगळ्या पेपरांतली, एकाच दिवसाची, एकाच माणसाच्या निधनाची. पाचही ठिकाणी शब्द तेच, फोटो तोच, फक्त एकात तो आडवा ताणलेला. आणि पाचही कात्रणांत त्या मेलेल्या माणसाला एक मुलगी जास्त आहे. ती मी घातली. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं, पण दर वेळी तुकड्यातुकड्यानं, स्वतःला थोडं सांभाळून. इथं सलग सांगायचा प्रयत्न करते.

माझं वाचन पत्रकांवर झालं. बाबा लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात कामाला होते आणि सुटी झाली की संघटनेची पत्रकं लिहायचे. रिक्षावाल्यांची, मोलकरणींची, नळाला पाणी न येणाऱ्या गल्ल्यांची. घरात गोष्टींची पुस्तकं कमी, गुलाबी-पिवळ्या पातळ कागदांचे गठ्ठे जास्त. संध्याकाळी आई भाकरी करायची आणि मी फरशीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायची, घालता घालता वाचायची. 'जाहीर आवाहन' आणि 'याद राखा' हे शब्द मला 'कमळ', 'बदक' यांच्या आधी वाचता यायला लागले, असं आई सगळ्यांना सांगते. ते खोटं असणार. पण आमच्या घरात ते खरं धरलं जातं.

बाबांचे पत्रकाचे काही नियम होते. तक्रार पहिल्या ओळीत आली पाहिजे, हा एक. पण ज्यावर ते कधी तडजोड करत नसत तो नियम नावाचा होता. छापखान्याचं नाव कायद्यानं लागतंच. बाबा खाली लिहिणाऱ्याचंही नाव टाकायचे, पत्त्यासकट. मी तिसरीत असताना एका कंत्राटदाराचा माणूस तो पत्ता वाचून आमच्या दारात आला आणि गल्ली जमेल एवढ्या आवाजात ओरडला. मी पलंगामागं लपले. बाबांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी पत्रकातला एक शब्दही मागं घेत नाही म्हणून सांगितलं. तो गेल्यावर मी रडत विचारलं, नाव कशाला टाकता? तेव्हा ते म्हणाले, "कुणाला इचारायचं असलं तर त्यानं कुणाच्या दारात यायचं, हे त्याला कळाय नको व्हय?"

हा नियम घेऊन मी पेपरात गेले. आणि तिथं पहिल्याच आठवड्यात मला ग्रुपवर घेण्यात आलं.

ग्रुप कसा चालायचा ते आधी सांगते. वेगवेगळ्या पेपरांसाठी शहराबाहेरच्या गावांच्या बातम्या देणारे आम्ही दहा-बारा जण. एका कार्यक्रमाला एकानं जायचं, बातमी टाइप करून व्हॉट्सअॅपवर टाकायची, बाकीच्यांनी ती उचलून आपापल्या पेपरला पाठवायची. वर 'आमच्या प्रतिनिधीकडून'. उद्या दुसऱ्याची पाळी. कुणाच्या घरी लग्न असो, कुणाची गाडी बंद पडो, बातमी कुठल्याच पेपरात चुकायची नाही. याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. रानात बैलांचा पैरा करतात तसंच होतं ते, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या.

मला ते टोचायचं. चार ओळींच्या सत्काराच्या बातमीचं मला काही नव्हतं. टोचायची ती 'आमच्या प्रतिनिधीकडून' ही ओळ. तो प्रतिनिधी त्या वेळी घरी जेवत असायचा.

ग्रुपमधल्या सर्वांत ज्येष्ठ पत्रकारांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. वाईट माणूस नव्हे. मला स्कूटरवर मागं बसवून त्यांनी अर्धा तालुका दाखवला. हवालदाराशी कसं बोलायचं, सरपंच खोटं बोलायला लागला की गप्प कसं बसायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्या ओळीबद्दल मी त्यांच्याकडं कुरकुर केली तेव्हा त्यांनी स्कूटर थांबवली नाही, मानही वळवली नाही. "बातमी काय कुणाच्या बापाची असती व्हय?" एवढंच म्हणाले.

मग इचलकरंजीचा लेख झाला. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांबरोबर मी बरेच दिवस बसले होते. पाळी बदलताना, जेवणाच्या सुट्टीत, लाइट गेलेली असताना. त्या लेखात एक वाक्य होतं, की इथली तान्ही पोरं मागांच्या खडखडाटात गाढ झोपतात आणि लाइट जाऊन शांत झालं की दचकून उठतात. पुढच्या महिन्यात अण्णांच्या पेपरात रविवारच्या पानावर त्यांच्या नावानं लेख आला. माझ्या लेखातले तीन परिच्छेद, क्रम बदलून. आणि ते वाक्य जसंच्या तसं.

कलेक्टर ऑफिसच्या बाहेर चहाच्या गाड्यावर मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. ते जराही चिडले नाहीत.

"चांगलं वाक्य होतं म्हणून घेतलं," ते म्हणाले. "वाईट असतं तर हात लावला असता का?"

सगळे हसले. मलाही क्षणभर हसू आलं, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग आला.

मी दोन्ही लेख घेऊन आमच्या संपादकांकडं गेले. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही वाचले आणि म्हणाले की वाक्यं सारखी आहेत हे खरं, पण मागाशेजारी पोरं झोपलेली अण्णांनाही दिसली असतील. जे समोर आहे ते दोघांना दिसू शकतं. चोरी म्हणायची तर पुरावा पाहिजे.

ते वाक्य घेऊन मी घरी आले आणि बरेच दिवस तेच चघळत राहिले. जे समोर आहे ते दोघांना दिसू शकतं. मग जे समोर नाहीच, कुणालाच दिसू शकत नाही, असं काही लिहिलं तर? ते जर पाच पेपरांत उतरलं तर कुणाला काय बोलता येईल?

पहिला प्रयत्न फसला. एका शिक्षकाच्या निवृत्तीच्या बातमीत मी ग्रुपसाठी एक खोटं वाक्य घातलं, की विद्यार्थ्यांनी त्यांना चाफ्याचं रोप दिलं. पण सत्काराची बातमी प्रत्येक पेपर जागेप्रमाणं कापतो. चाफा सगळीकडे कापला गेला. मग माझ्या लक्षात आलं, की निधनाच्या बातमीला कुणी कात्री लावत नाही. ती जशी येते तशी लागते. आमच्याकडं माणसं पेपरात आधी निधनाचं पान बघतात, कारण रक्षाविसर्जन कधी आहे ते तिथं कळतं. 'त्यांच्या पश्चात' पासून 'असा परिवार आहे' पर्यंतची ओळ तर देवाच्या आरतीसारखी. तिला धक्का लावायची कुणाची छाती नसते.

तेवढ्यात गडमुडशिंगीच्या पुढच्या एका गावातून मेसेज आला. गावाचं नाव घेत नाही, माझ्यामुळं त्या गावात पुरेसं झालंय. एक म्हातारे गृहस्थ वारले होते. त्यांच्या भाच्यानं फोटो, वय आणि परिवार पाठवला होता. पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, सून, जावई, नातवंडं. रक्षाविसर्जन परवा सकाळी नऊ वाजता.

मी बातमी दोनदा टाइप केली. आमच्या पेपरला पाठवली ती बरोबर. ग्रुपवर टाकली तिच्यात 'दोन मुली'.

त्या वेळी मला काय वाटलं? गंमत वाटली. मी थोडा विचारही केला होता, तोही सांगते. मुलगा वाढवला तर वाटण्यांचा प्रश्न निघेल. मुलगी वाढली तर कुणाचं काय जातंय? बायकांच्या हक्कांच्या पत्रकांच्या घड्या घालत मोठी झालेल्या मुलीनं हा विचार केला.

सकाळी मी स्टँडवर जाऊन सगळे पेपर घेतले. पाच ठिकाणी दोन मुली. फक्त आमच्या पेपरात एक. मी ऑफिसात ड्रॉइंग पेपरवर ती कात्रणं ओळीनं चिकटवली, 'दोन मुली' खाली लाल पेननं रेघा मारल्या आणि संपादकांच्या टेबलावर ठेवली. ते बघून हसले. "पोरी, तू लई पोचलेली आहेस," म्हणाले. मग जरा थांबून, "आपलं बरोबर लागलंय ना? मग ठीक." तो ड्रॉइंग पेपर घेऊन ग्रुपच्या येत्या बैठकीत अण्णांसमोर कसं उभं राहायचं, पहिलं वाक्य काय टाकायचं, हे मी दिवसभर जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन आला. आवाज दबलेला. रक्षाविसर्जनाला आलेली माणसं विचारत होती, म्हणे. थोरली कुठली, धाकटी कुठली? दुसरी आली नाही का? कुणीतरी पेपर खिशात घालूनच आलं होतं. पेपरवाल्यांची चूक असेल, असं घरातल्यांनी सांगितलं, तर एकानं विचारलं, पाचांची एकदम चूक कशी होईल?

आणि मग त्यानं ते सांगितलं जे मला ठाऊक नव्हतं. त्याचे मामा तीस वर्षं इचलकरंजीला मागावर होते. आठवडाभर तिथंच खोली करून राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी गावी यायचे. तिथं दुसरं घर असेल, असं तो म्हणाला नाही. गावाला जास्त सांगावं लागत नव्हतंच.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या एकट्यांच्या पेपरात बरोबर आलंय, म्हणून तुमास्नी फोन केला. बाकीच्यांनी कुटनं आणली ही दुसरी?"

मी म्हटलं, बघते.

त्या एका शब्दानं मला चार दिवस कुरतडलं. मी त्या वेळी सांगू शकले असते. फोनवर, एका वाक्यात. त्याऐवजी मी त्यांच्या घरी गेले, बरोबर बातमी देणाऱ्या पेपरची बाई म्हणून. मला खुर्ची दिली गेली. दुखवट्याचं घर, तरी शेजारणीनं चहा करून आणला. म्हातारीला, म्हणजे त्या गृहस्थांच्या बायकोला, मी मावशी म्हटलं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. बोलली ती मुलगी, त्यांची एकच. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी, हातात आमचा पेपर घडी करून धरलेला. आलेल्या प्रत्येकाला ती तो दाखवत होती.

"तुमचा बरोबर हाय ओ ताई," ती म्हणाली. "पर तुमचा एकटा हाय. लोकं म्हंत्यात, पाचांचं खरं का एकाचं?"

मी चहा प्यायले. काय करता येईल ते बघते, असं दुसऱ्यांदा म्हणाले आणि बाहेर आले. वडापची, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपची, वाट बघत रस्त्यावर उभी राहिले. एक वडाप आली, ती मी सोडली. दुसरीही सोडली. परत जावं असं वाटत होतं आणि पाय उलट दिशेनं चालत होते. शेवटी मी चालतच पुढच्या फाट्यापर्यंत गेले.

आमच्या पेपरात खुलासा छापावा म्हणून मी संपादकांना गळ घातली. ते म्हणाले, कसला खुलासा? आपण चुकलोच नाही. आपण छापायचं काय, की दुसरे चुकले? बाकीच्या पेपरांत मी एकेकाला फोन केला. ते म्हणाले, घरच्यांचा अर्ज आणा, छापतो. अर्जात काय लिहायचं? आमच्या वडलांना दुसरी मुलगी नाही, असं? हे मी भाच्याला विचारलं. म्हणाला, तसं छापून आलं तर ज्यांनी वाचलं नव्हतं तेही वाचतील.

तेव्हा मला कळलं, की मी किती पक्का सापळा लावला होता. त्यातून कुणालाच बाहेर पडता येत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, की 'दोन मुली' हे मी मुद्दाम घातलं होतं. का घातलं तेही लिहिलं, इचलकरंजीच्या लेखासकट. मग मला ग्रुपमधून काढलं. संध्याकाळी अण्णांचा फोन आला. मी भांडायची तयारी करून उचलला.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "उचललं, मान्य. लेख उचलला तेही मान्य, तिथं मी चुकलो. पण आम्ही उचलतो ते खरं असणार असं धरून. तुझ्यावर भरवसा ठेवून उचललं. तू आमच्या हातनं खोटं लिहून घेतलंस."

मी म्हटलं, वर 'आमच्या प्रतिनिधीकडून' लिहिताना एक फोन करायचा होता त्या घरी. एकानं तरी करायचा होता.

"करायचा होता," ते म्हणाले. आणि फोन ठेवला.

आम्ही दोघंही बरोबर होतो आणि त्याचा त्या घराला काडीचा उपयोग नव्हता.

बाबा आता छापखान्यात जात नाहीत, गुडघे गेलेत. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते पेपरच वाचत होते. त्यांनी घडी केली नाही, नुसता मांडीवर ठेवला. मला वाटलं होतं ते समजूत तरी घालतील नाहीतर चिडतील तरी. ते एवढंच म्हणाले, की मग पत्रक काढ. त्या रात्री मी मजकूर लिहिला, पानभर. पत्रकारितेतली उचलेगिरी, ग्रुपची पद्धत, माझा चोरलेला लेख, आणि मग खाली ती चूक. सकाळी बाबांनी तो वाचला आणि वरचे तीन परिच्छेद पेन्सिलीनं खोडले.

"हे पत्रक त्या घराचं हाय का तुझ्या बचावाचं?"

मी म्हटलं, पण चोरी झाली हेही खरंच आहे ना.

"त्येचं दुसरं पत्रक काढ. येगळं. ह्यात न्हाई."

उरल्या सहा-सात ओळी. त्यातलं 'अनवधानानं' हेही त्यांनी खोडलं, कारण ते खोटं होतं.

पण छापायच्या आधी त्या घरी जायला हवं होतं. त्यांना न सांगता त्यांच्याबद्दल पुन्हा एकदा काही छापायची माझी हिंमत नव्हती. तेव्हा मी परत गेले. या खेपेला खुर्चीवर बसले नाही. मुलीच्या हातात मजकूर दिला आणि उभी राहिले.

तिनं तो वाचला. परत वाचला. मग उठून आत गेली आणि इतके दिवस जपून ठेवलेला आमच्या पेपरचा तो अंक आणून माझ्या पायाशी टाकला.

"चार दीस ह्यो घेऊन फिरली मी," ती म्हणाली. "म्हणलं, एक तरी पेपर खरा हाय."

मग ती म्हणाली, छाप. खाली तुझं नाव, आमचं न्हाई. आणि आमच्या दारात वाटू नको.

मी निघणार तेवढ्यात भिंतीला टेकलेल्या मावशीनं हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. जवळ बसायला लावलं. मुलगी आत गेलेली बघून तिनं आवाज खाली आणला.

"खरं सांग. तुला कुणी सांगितलं हुतं?"

"नाही मावशी. मी मनानं घातलं."

"इचलकरंजीत कोण भेटलं हुतं तुला? पेपरवाली तू, जात असशील न्हवं तिकडं?"

"जाते. पण कुणी नाही सांगितलं. मला तुमच्या घरचं काहीच माहीत नव्हतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग पोरगीच कशी सुचली? पोरगा का न्हाई सुचला?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. ते मी वर लिहिलंय. पण त्या भिंतीपाशी, त्या बाईसमोर, वाटण्यांचा विचार करून मी मुलगी निवडली असं सांगितलं तर ते किती रचून सांगितल्यासारखं वाटेल, हे मला दिसत होतं. तरी मी सांगितलं. मला कळेना, तिला पटलं की नाही. गावानं काय धरलं याचीच काळजी मी इतके दिवस करत होते. तिचं काय झालं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिच्या लग्नाची सगळी वर्षं एका बाजूला आणि पाच पेपर दुसऱ्या बाजूला, असं मी करून ठेवलं होतं.

पत्रक पिवळ्या कागदावर छापलं. मजकूर असा होता:

'जाहीर खुलासा. आपल्या गावचे', इथं त्यांचं नाव, 'यांच्या निधनाच्या बातमीत पाच पेपरांत दोन मुली असे आले आहे. त्यांना एकच मुलगी आहे. दुसरी मुलगी मी बातमी लिहिताना मनाने घातली. मला तसे कोणी सांगितले नव्हते व मी कोठे ऐकले नव्हते. बाकीच्या पेपरांनी माझ्यावर विश्वास ठेवून ते छापले. ज्यांना याबद्दल काही विचारायचे असेल त्यांनी मला विचारावे, त्या घरी विचारू नये.' खाली माझं नाव, आमच्या घराचा पत्ता आणि मोबाइल नंबर.

संपादकांनी ते बघितलं आणि एकच अट घातली, पेपरचं नाव कुठं येता कामा नये. त्यानंतर माझ्याकडचं गावांच्या बातम्यांचं पान काढून घेतलं गेलं आणि थोड्या दिवसांनी मीही नोकरी सोडली. पण तो या गोष्टीचा भाग नाही, म्हणजे फारसा नाही.

सकाळी गावच्या दूध डेअरीसमोर उभं राहून मी पत्रकं वाटली. किटल्या घेऊन रांगेत उभी असलेली माणसं हात पुढं करून घ्यायची. "कुठल्या पार्टीचं, ताई?" एकानं विचारलं. दुसऱ्यानं न वाचताच ते आपल्या गळक्या किटलीखाली घातलं. मग एका चष्मेवाल्या म्हाताऱ्यानं रांगेतच मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. 'विश्वास ठेवून' पाशी थांबून त्यानं माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं, परत वाचलं. रांग हळूहळू गप्प झाली. वाचून झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "न्हाई म्हणायला पत्रक काढाय लागलं, म्हंजे हाय म्हणायची की." दोघंतिघं हसले. चष्मेवाला त्यांच्यावर खेकसला, की बाईनं नाव घातलंय खाली, तुमच्यातल्या कुणी घातलंय का कधी? मग भांडण लागलं, दुधाच्या फॅटवरून होतं तसं, आणि माझ्याकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही.

मी उरलेला गठ्ठा घेऊन परत आले. काय झालं, किती जणांना पटलं, याचा हिशेब लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पाच पेपरांच्या वेबसाइटवर ती बातमी अजून तशीच आहे. मी मधूनमधून उघडून बघते. पत्रक इंटरनेटवर नाही. कुठल्यातरी किटलीखाली भिजून गेलं असेल.

पहिले काही दिवस फोन आले. एकानं दमात घेतलं, पत्रकाला पैसे कुणी दिले म्हणून. एकानं विचारलं, तर मग दुसरी पोरगी हाय का न्हाई तेवढं सांगा. मी सगळ्यांना तेच उत्तर दिलं. मग फोन बंद झाले.

एक सोडून. तो दुपारी येतो, घरातली माणसं रानात गेलेली असतात तेव्हा. पहिल्यांदा आला तेव्हा मी नंबर ओळखला नाही. आवाज ओळखला, मावशीचा. तिनं ते पत्रक उशाखाली ठेवलंय, म्हणाली, आणि नातवाकडून नंबर लावून घेतला. काय विचारायचं ते विचारलं, मी सांगितलं, तिनं ठेवला. पंधरा दिवसांनी परत आला. मग परत. दर वेळी जेवलीस का, आईचं बरं हाय का, अशी सुरुवात होते आणि दोन मिनिटांत ती त्याच प्रश्नावर येते. मी कुठंही असले, रस्त्यात असले, तरी आडोशाला जाऊन उचलते. न उचलायचा विचार एकदा मनात आला होता. तेव्हा पलंगामागं लपलेली मीच मला दिसले.

गेल्या आठवड्यात परत आला.

"तुला कुणी सांगितलं न्हवतं न्हवं?"

"नाही मावशी. मी मनानं घातलं होतं."

पलीकडं पंख्याचा आवाज येत होता.

"बरं," ती म्हणाली. "परत इचारीन मग."